भुंगेऱ्याच्या माथी आपलं पाप नको



परवा स्वाध्याय संपल्यावर मळ्यातल्या काँग्रेस गवताचा विषय निघाला. एक वहिनी म्हणाल्या, "आता ते गवत खाणारे भुंगेरे सोडतात म्हणे. बरं झालं, आपल्या हाताला पाप नको." त्यावर काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे आपलं पाप किड्याच्या माथी मारायचं होय?"

घरी येऊनही ते डोक्यातून जाईना.

काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत, मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. खुरपायला येणाऱ्या मावशींच्या हातांना, मानेला खाज सुटते, कातडी काळवंडते. परागामुळे कुणाला दमही लागतो. म्हणून १९८३ साली मेक्सिकोहून हे भुंगेरे बंगळुरूला आणले. ते आपल्या पिकांवर जगतात का याची तपासणी झाली आणि १९८४ मध्ये ते मोकळे सोडले. शेंगदाण्याहूनही लहान, फिकट पांढरट पाठीवर तपकिरी रेघा. पावसाळ्यात ते आणि त्यांच्या अळ्या गाजरगवताची पानं खातात. थंडीत मातीत शिरून निजून राहतात.

आता मुद्द्याचं. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा बंध आपल्याला लागतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. गड्याकडून औषध मारून घेतलं काय किंवा भुंगेरे आणून सोडले काय, करवणारे आपणच. तेव्हा वहिनींची सुटका काही होत नाही.

पण म्हणून सगळं सारखंच, असंही मी म्हणणार नाही. शेती आहे तिथे उद्योगी हिंसा आहे. ती शून्य होत नाही, विवेकाने कमी होते. गवत एकेंद्रिय. भुंगेरा चतुरिंद्रिय, आणि तो पोटासाठी आपलं नेहमीचंच अन्न खातो. तणनाशक मात्र गवतावर थांबत नाही. मातीत, पाण्यात, फवारणाऱ्याच्या श्वासातही जातं.

गेल्या वर्षी आम्ही बांधावर फवारणी केली. दोन दिवसांनी मी पाहिलं तर पानांना आधीचीच भोकं होती आणि पानांमागे पिवळट अळ्या. भुंगेरे आपणहून आले होते, आम्ही वाकून पाहिलंच नव्हतं. पानं वाळली, अळ्या उपाशी राहिल्या. त्याच आठवड्यात आमचा पंप आणि उरलेलं औषध मी शेजारी देऊन टाकलं, वर शेजारधर्म केल्याचं समाधान! विष दुसऱ्याला देणं हे हिंसादान, अनर्थदंडातलं. व्रतांच्या वर्गात मी ते पाठ केलं होतं. दारात मात्र आठवलं नाही.

म्हणून माझं मत असं. भुंगेरे असतील तिथे फवारणी नको. नसतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, पाला कोवळा असताना आणावेत. हवेशीर डब्यात, पाल्यासकट, आणि त्याच दिवशी सोडावेत. बंद बाटलीत गुदमरून मेले तर ती हिंसा आपल्या निष्काळजीपणाची. पाणी असेल तिथे हे गवत बारा महिने उगवतं आणि भुंगेरा तेव्हा निजलेला असतो. तिथे फुलं यायच्या आत, माती ओली असताना ते मुळासकट उपटावं, पानामागे बघून. ढीग जाळू नये. मावशींना हातमोजे द्यावेत, आणि एखादा दिवस आपणही हातमोजे घालून त्यांच्याबरोबर बसावं.

काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पाप उरलंच की." उरलंच, काकू. पण ते कुणाचं आहे हे तरी कळलं. यंदाच्या दशलक्षण पर्वात क्षमा मागताना त्या अळ्याही माझ्या यादीत आहेत.