कळा सुरू झाल्यावर घोटभर पाणी

कोंढवा असो की भवानी पेठ, बाळंतपणाच्या पिशवीत दुपट्यांबरोबर खजुराची पुडी आणि झमझमची छोटी बाटली ठेवली जातेच. हजरत मरयम (अ.) यांना कळा सुरू असताना अल्लाहने खजूर आणि पाणी दिले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण लेबर रूमच्या दारात सिस्टर बजावतात, "तोंडात काही घालू नका." आमच्या नात्यातल्या एका सुनेने पुण्यातल्या एका दवाखान्यात असे बारा तास काढले. शेवटी सासूबाईंनी नजर चुकवून तिला दोन खजूर भरवले.

सासूबाईंचा जीव तुटत होता, आणि सिस्टरांच्या मनाईमागेही कारण होते. 1946 साली अमेरिकेत डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी सुमारे 44,000 बाळंतपणांच्या नोंदी मांडल्या. त्यांत 66 स्त्रियांच्या पोटातले अन्न किंवा आम्ल भुलेखाली श्वासनलिकेत गेले होते. दोघी श्वास कोंडून दगावल्या. तेव्हापासून बाळंतिणीला उपाशी ठेवण्याची रीत पसरली. आता बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन होतात, बाई शुद्धीवर असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सांगितले, की जोखीम कमी असलेल्या बाईला कळांच्या काळात खाऊ-पिऊ द्यावे.

म्हणजे सरसकट मनाई योग्य नाही. पण चोरून भरवणेही योग्य नाही. ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागली, तर पोटात काय आहे हे भूलतज्ज्ञाला कळायलाच हवे. भरवले असेल तर न लाजता सांगून टाका.

त्यापेक्षा सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच डॉक्टरांना विचारून ठेवावे. पाणी, बिनदुधाचा चहा चालेल का? खजूर किंवा हलके खाणे कधीपर्यंत? मनाई असेल तर कारण काय, वाढलेला रक्तदाब की आधीचे सिझेरियन? सिझेरियनची तारीख ठरलेली असेल, तर जेवण किती तास आधी थांबवायचे आणि पाणी किती? पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते, पण शब्द डॉक्टरांचाच पाळावा.

सरकारी रुग्णालयांसाठी 2017 पासून 'लक्ष्य' कार्यक्रम आहे. त्यात कळांच्या वेळी बाईजवळ सोबतीण असावी असे म्हटले आहे. ती सोबतीण अशी निवडावी, जी घाबरणार नाही, लपवणार नाही आणि अदबीने विचारील, "सिस्टर, हिला दोन घोट पाणी देऊ का?"