चाळ कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो,

गेल्या उन्हाळ्यात आमच्या संस्थेने चांदवड तालुक्यातल्या एका गावात कांदा साठवणुकीचे शिबिर घेतले. पाहुणे 'लीन सप्लाय चेन'बद्दल बोलत होते. शेतापासून ताटापर्यंत माल, पाणी, पैसा काहीच वाया जाऊ द्यायचे नाही, असा त्याचा अर्थ. मागे बसलेली एक मावशी मला हळूच म्हणाली, "ताई, लीन म्हणजे नम्रच ना? त्या तर आम्ही लग्न झाल्यापासून आहोत!" आम्ही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

पाहुण्यांनी सांगितले ते योग्यच होते. नत्रखताचा मारा केला की कांदा पोसतो, पण टिकत नाही. काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडावे. कांदा पातीसकट सुकवावा, इंचभर मान ठेवून पात कापावी. डेंगळे, जोडकांदे, फुटके कांदे बाजूला काढावेत. चाळीला खालून वारा हवा. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा तर हे सगळे हवेच. एक कांदा सडतो तेव्हा त्याच्यासाठी उपसलेले विहिरीचे पाणी, जाळलेली वीज आणि घातलेले खतही उकिरड्यावर जाते. जगात माणसांसाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश वाया जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली सांगितले. ही नासाडी थांबलीच पाहिजे.

पण ती थांबवायची कुणाच्या हातांनी? जेवणानंतर बायांबरोबर फळ्यावर कामांची यादी केली. काढणी, पात कापणे, निवड, पावसाळ्यात चाळीतला सडका कांदा वेचणे ही कामे बहुतेक बायांची निघाली. बाजारसमितीत जाणे आणि हिशोबपट्टी घेणे पुरुषांचे. काढणीची मजुरी एकरावर उक्ती ठरते. निवड जास्त काटेकोर करायची म्हणजे वेळ वाढला, पण मजुरी तीच. घरच्या शेतात तर तीही नाही. बाईचा वेळ फुकट धरून केलेल्या बचतीला बचत म्हणायला मी तयार नाही.

आणि चूक आमचीही आहे. शिबिरात निवडीचे प्रात्यक्षिक आम्ही बायांना दाखवले आणि चाळीच्या अनुदानाची माहिती पुरुषांना दिली. कारण सोपे होते. अर्जाला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर बाई नसते. एम.एस.डब्ल्यू.ला असताना 'लोकसहभाग' या विषयावर मी पानेच्या पाने लिहिली होती. प्रत्यक्षात मीही तीच जुनी वाटणी करून मोकळी झाले.

हे घडले ते चांदवडला, हे जास्त लागले. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन याच गावी झाले. लाखो शेतकरी बाया तिथे आल्या होत्या. पुढे 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम निघाली. नवऱ्याच्या संमतीने बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय शासनाने १९९२ साली परिपत्रक काढून केली. ती वाट बायांनीच पाडली आहे. आपण तिच्यावरून चालायचे विसरलो.

म्हणून या हंगामाआधी आपल्या गटांत तीन गोष्टी बोलू या. निवडीची मजुरी काढणीपासून वेगळी ठरवून घ्यायची. चाळीचा अर्ज भरण्याआधी सातबाऱ्यावर बाईचे नाव लावण्याचा आग्रह धरायचा. गावात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिथे भागधारक आणि संचालक म्हणून बाया हव्यात, नुसत्या निवडीच्या शेडमध्ये नकोत.

त्या मावशीने परवा तलाठ्याकडे जायला सोबत मागितली. मी जाणार आहे. तुमच्या गावात चाळ कुणाच्या नावावर आहे? बघा, आणि पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळाच्या वतीने