पाना-पक्कड : डावा आरसा

गेल्या महिन्यातली गोष्ट. दहा नंबर मार्केटमधून भाजी घेऊन जीपने घरी येत होतो. आमच्या गल्लीत डावीकडे वळायचं होतं. इंडिकेटर दिला, डाव्या आरशात पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, वळलो. तेवढ्यात करकचून ब्रेकचा आवाज. एक मुलगी स्कूटरवर, पाय टेकून, माझ्या दाराला जेमतेम हातभर अंतर ठेवून उभी. तिची फाईल रस्त्यावर पडली होती. मी उतरून कागद गोळा करायला लागलो तर म्हणाली, "अंकल, शीशा तो देख लिया करो!"

आता तिला काय सांगणार? शीशा मी पाहिला होताच. घरी येऊन जीप लावली आणि सीटवर बसून पुन्हा त्या आरशात पाहिलं. आरसा मान टाकून बसला होता. त्यात दिसत होतं ते माझंच मागचं चाक आणि त्याच्या बाजूचा हातभर डांबरी रस्ता. तो रस्ता मोकळाच असणार!

महिनाभर सौ. सांगत होती, "अहो, तो आरसा हलतोय, बघा जरा." मी हाताने वर करायचो की झालं. शेवटी तिने आपल्या केसांचं रबर काढून दांडीला गुंडाळून दिलं होतं. भेलमध्ये उभा जन्म नट-बोल्टांत काढलेल्या माणसाच्या गाडीला केसांचं रबर! आरसा मुळीच नसता तर मी मान वळवून पाहिलं असतं. सैल आरसा होता म्हणून त्याच्यावर विसंबलो.

जुन्या जीपचा हा आजारच आहे. मूळची विलिज जीप लष्करासाठी बनलेली. तिला दारं नाहीत, पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येते. स्वातंत्र्यानंतर लगेच महिंद्राने तीच जीप मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं तोच सांगाडा चालला. दारच कापडाचं, तर आरसा लावणार कुठे? मग काचेच्या चौकटीच्या बिजागरीपाशी किंवा बॉडीच्या पत्र्यावर एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला आरसा. खाली थरथरणारं डिझेल इंजिन. डावा आरसा तर अनेक गाड्यांना मुळात नसायचाच, मागाहून हौसेने लावलेला. माझाही तसाच.

थरथरत्या आरशाचं दुखणं तसं मोटारीइतकंच जुनं. 1911 साली अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली 500 मैलांची शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांत चालकाशेजारी मागे लक्ष ठेवायला एक मेकॅनिक बसायचा. रे हॅरून हा गडी एकटाच बसला आणि समोर आरसा लावून आला. शर्यत त्यानेच जिंकली. पण पुढे त्याने कबूल केलं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका हलत होता की त्यात फारसं काही दिसतच नव्हतं. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं.

तर रविवारी सकाळी चहा घेऊन कामाला लागलो. पहिली चूक सगळे करतात ती अशी, की हाताला लागेल तो नट आवळायचा. आधी सैल काय आहे ते शोधा. इंजिन चालू ठेवून घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवा आणि आपण बाहेरून एकेक जागा बोटांनी घट्ट धरा. ज्या जागी धरल्यावर आतला माणूस म्हणेल "आता स्थिर दिसतंय", तिथे रोग. जागा तीनच : पाया जिथे पत्र्याला बसतो ती, दांडी जिथे पायाला जोडली आहे ती, आणि आरशामागची गोळी, जिच्यावर आरसा फिरतो ती. आरसा नुसता उभ्या गाडीतच थरथरत असेल आणि वेग घेतल्यावर शांत होत असेल, तर मात्र आरशाला हात लावू नका. इंजिनाखालची रबरं दाखवून घ्या.

आमच्याकडे सौ. आत, मी बाहेर. रोग दोन जागी निघाला.

पाया पाहिला तर बोल्ट घट्टच होते, पण पत्राच त्यांच्यासकट हलत होता. इतक्या पावसाळ्यांचं पाणी तिथे साचून गंज धरला होता, भोकं मोठी झाली होती. इथे नट कितीही आवळा, पत्रा आणखी दबतो आणि आठवड्यात पुन्हा तेच. गंज घासला, प्रायमर लावला, वाळू दिला, आणि आतल्या बाजूने तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी दोन भोकं पाडून बसवली. आता ओढ एका भोकावर न येता पट्टीभर पसरते. बाहेरून पायाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे पाणी आत जात नाही. साधे नट काढून नायलॉक नट घातले, तेच ते आत नायलॉनचं कडं असलेले. हे नट हाताने शेवटपर्यंत फिरले तर समजा की नायलॉन संपलं, नवे घ्या. चार-दोन रुपयांसाठी जुने वापरू नका.

जिथे नायलॉक बसत नाही तिथे आट्यांवर थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरतो. निळाच घ्या. लाल घेतला तर पुढच्या वेळी नट तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि प्लॅस्टिकच्या भागांपासून तो दूर ठेवा, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

दुसरा रोग गोळीचा. गोळी झिजली की वाटीत घसरते आणि आरसा मान टाकतो. त्यात तेल किंवा ग्रीस कधीही घालू नका, तिथे आपल्याला घर्षणच हवं आहे. उघडून रॉकेलने पुसली, कोरडी केली, आणि वाटीत सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा पातळ तुकडा घालून मागचा स्क्रू आवळला. कारखान्यातला कोणी पाहील तर हसेल, पण नवा आरसा मिळेपर्यंत हे निभतं.

शेजारच्या काकांनी कुंपणावरून सल्ला दिला, "एम-सील भरून टाका की सगळं!" काकांचा मान राखून सांगतो, हे करू नका. आरसा धडकेने मागे दुमडावा म्हणूनच तो सांधा आहे. तो गोठवला तर उद्या कोणाचा खांदा लागला की त्याला दगडासारखा बसेल, शिवाय तुमचा पत्रा फाटेल.

दांडी लांब तितकी थरथर जास्त. ट्रकचा आरसा पाहा, वरून आणि खालून दोन्हीकडून धरलेला असतो. माझी दांडी गरजेपेक्षा लांब होती, ती दोन इंच कापली. काम अर्ध्या तासाचं, पण फरक सगळ्यांत जास्त त्यानेच पडला.

आता आरसा लावायचा कसा? आपण बहुतेक जण त्यात आपलीच गाडी अर्धी पाहतो. 1995 साली जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने याची भूमिती मांडली. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेला टेकवा आणि गाडीची कड नुसती दिसेनाशी होईल इतका आरसा बाहेर वळवा. डावा लावताना डोकं गाडीच्या मधोमध आणून तसंच करा. मग सरळ बसल्यावर आपली गाडी दिसत नाही, शेजारची लेन दिसते. पण ही पद्धत आतला आरसा मागचं नीट दाखवतो हे धरून आहे. माझ्या जीपच्या हुडाची मागची प्लॅस्टिकची खिडकी दुधासारखी पांढरी झाली आहे. म्हणून मी आपल्या बॉडीची बोटभर कड आरशात ठेवतो. तेवढी कड दिसली की आरसा हलला नाही हेही कळतं. डावा आरसा फुगीर काचेचा असेल तर त्यात मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते, एवढं ध्यानात असू द्या. आणि वळताना मान फिरवायचीच. आपल्या भोपाळमध्ये स्कूटर डावीकडूनच येते, त्यात त्या मुलीची चूक काय!

संध्याकाळी केरवा धरणापर्यंत चक्कर मारून आलो. खड्ड्यांतून गेल्यावरही कड जागच्या जागी होती. नव्याने बसवलेले नट आठवडाभराने एकदा तपासावे लागतात, तेव्हा येत्या रविवारी तेरा नंबरचा पाना पुन्हा बाहेर निघेल. केसांचं रबर सौ.ला परत केलं. तिने ते घेतलं नाही, तेलकट झालं होतं.