शास्त्रज्ञाला खाडीवर दहा वर्षे द्या

गोव्यात दोनापावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डॉ. एस. झेड. कासिम, डॉ. ए. एच. परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरंगत्या तराफ्याला दोर बांधून त्यांवर हिरवे शिंपले, म्हणजे गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात ते, वाढवून दाखवले होते. वाढ इतकी जोमदार होती की हेक्टरी शेकडो टनांचा हिशेब मांडता आला. पुढे १९८१-८२ च्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेमुळे कासिम यांचे नाव देशभर झाले. दोरावरचे शिंपले मात्र गोव्यात मोठा धंदा म्हणून उभे राहिले नाहीत. जवळपास वीस वर्षांनी तोच शिंपला, त्याच अरबी समुद्राच्या काठी, केरळच्या कासरगोड जिल्ह्यात पडन्ना आणि चेरुवत्तूर भागातल्या बायकांच्या हाताला काम आणि घरात पैसा देऊ लागला. तंत्र तर आधीपासूनच होते. मग कमी काय पडले होते? माझ्या मते कमी पडला तो मुक्काम. प्रयोग संपल्यावरही त्याच पाण्यावर, त्याच माणसांबरोबर वर्षानुवर्षे टिकून राहणारा शास्त्रज्ञ आपल्या व्यवस्थेत सहसा बसत नाही, आणि किनाऱ्यावरची सामूहिक शेती त्याच्यावाचून रुजत नाही.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही सत्तरच्या दशकात विळिंजम आणि कालिकतच्या समुद्रात तराफे टाकून पाहिले होते. शिंपले वाढले, पण उघड्या समुद्रात तराफा टिकवायचा तर होडी हवी, नांगर हवा, भांडवल हवे आणि शिवाय पावसाळ्याची धास्ती. गरिबाच्या आवाक्यातले ते काम नव्हते. डॉ. के. के. अप्पुकुट्टन यांच्यासारख्यांनी नोकरीची उमेदीची वर्षे शिंपल्यांच्याच अभ्यासात घातली, आणि संस्थेने हे तंत्र खाडीच्या उथळ पाण्यात आणले. तिथे बांबू किंवा सुरूचे खांब रोवून, आडव्या काठ्या बांधून, काकडी-दोडक्याला घालतात तसा मांडव घालता येतो. खडकांवरून गोळा केलेले बोटाच्या एका पेराएवढे शिंपले नायलॉनच्या दोराभोवती पसरायचे आणि वरून मच्छरदाणीचे सुती कापड गुंडाळून शिवून टाकायचे. दोन-चार दिवसांत कापड पाण्यात कुजून गळते, तोवर शिंपल्यांनी स्वतःचे धागे सोडून दोराला घट्ट पकड घेतलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरात, पावसाचे गोडे पाणी ओसरून खारेपणा वाढला की दोर सोडायचे आणि जूनच्या पावसाआधी, पाच-सहा महिन्यांत, मीटरमागे दहा किलोंच्या आसपास माल काढायचा. होडी लागत नाही, खाद्य लागत नाही, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सगळे करता येते. १९९६-९७ मध्ये महिलांचे बचत गट यात उतरले. सरकारी योजनेचे अनुदान आणि बँकांचे कर्ज मिळाले, आणि मलबारात या शिंपल्यांना घरोघर गिऱ्हाईक होतेच. सुरुवातीला काही टनांवर असलेले उत्पादन दहा-बारा वर्षांत वर्षाला दहा हजार टनांच्या पुढे गेले.

याच १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जगन्नाथ खटल्यात किनारपट्टीवरच्या कोळंबी तलावांविरुद्ध निकाल दिला होता. शेतात शिरलेले खारे पाणी, नासलेल्या विहिरी, तलावातून खाडीत सोडलेली घाण हे त्या तलावांनी मागे ठेवलेले देणे होते. कोळंबीही किनाऱ्यावरचीच शेती होती, तिच्यामागेही शास्त्र होते, पण ते भांडवलवाल्याच्या तलावापाशी थांबले आणि कुंपणाबाहेरच्या विहिरीचे काय होते, हे पाहायला तिथे कोणी नव्हते. शिंपला पाण्यातलेच सूक्ष्म जीव गाळून खातो, म्हणून त्याचा भार कमी. तरी मला महत्त्वाचे वाटते ते हे, की पडन्नाच्या मांडवात चूक झाली तर ती मांडव घालणाऱ्यांच्याच अंगावर येते. त्यामुळे ती लवकर कळते आणि सुधारायची निकडही असते.

यावर पहिला आक्षेप असा, की केरळातले हे उत्पादनही नंतर घसरलेच. मग आदर्श कसला? घसरण खरी आहे. मांडव वाढले तसे बी अपुरे पडू लागले, कारण ते खडकांवरच्या नैसर्गिक पैदाशीतूनच खरवडून आणले जात होते आणि त्याच खडकांवर पोट असलेल्यांशी तंटे होऊ लागले. मांडवांच्या गर्दीने पाण्याचा वेग मंदावतो, गाळ साचतो. नफा दिसल्यावर गटांच्या शेजारी वैयक्तिक मालकही उतरले. पण यातली प्रत्येक अडचण पीक यशस्वी झाल्यानंतरची आहे. एका खाडीला किती दोर सोसतील, बी प्रयोगशाळेत तयार करून परवडेल का, हे प्रश्न पहिल्या वर्षी पडतच नाहीत, पाचव्या-सातव्या वर्षी पडतात. नेमका तेव्हाच प्रकल्पाचा निधी संपलेला असतो आणि शास्त्रज्ञाची बदली झालेली असते. दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांच्या बाजूनेच येतो: गट बांधणे हे मत्स्य विभागाचे काम, संशोधकाने संशोधन करावे. ही विभागणी कागदावर नीट दिसते. पण कोणत्या आठवड्यात दोर सोडावा, खारेपणा किती उतरला की शिंपला मरतो, याची उत्तरे खाडीगणिक बदलतात आणि ती दोर हाताळणाऱ्या बाईच्या रोजच्या पाहण्यातूनच मिळतात. हेही संशोधनच आहे. पदोन्नतीच्या मोजपट्टीत त्याला शोधनिबंधाइतके वजन मिळत नाही, हा दोष मोजपट्टीचा आहे.

कोकणासाठी हा प्रश्न आजचा आहे. सिंधुदुर्गात कांदळवन कक्षाच्या प्रयत्नांतून महिलांच्या गटांनी कालवे, शिंपले आणि चिंबोऱ्यांची शेती सुरू केली आहे. रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर किनारी जलकृषीच्या केंद्रीय कायद्यातही शिंपल्यांची शेती आली आहे. माणसे आहेत, विद्या आहे, कायदा आहे. आता एकेका खाडीची जबाबदारी एकेका शास्त्रज्ञाकडे किमान दहा वर्षांसाठी सोपवावी आणि तिथल्या गटांचे टिकणे हे त्याच्या कामाचे माप धरावे. खाडी सर्वांची आहे. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची, पाग टाकणाऱ्यांची. म्हणून मांडवाची जागा गटाच्या नावे, ठरावीक मुदतीची आणि विकता न येणारी असावी, आणि किती मांडव घालायचे याचा आकडा आधी ठरावा. सर्वांत निकडीची गोष्ट पाणी तपासण्याची. शिंपला पाणी गाळतो तसा त्यातले जंतूही साठवतो. गावाचे सांडपाणी खाडीत येत असेल तर माल काढल्यावर तो स्वच्छ केलेल्या समुद्राच्या पाण्यात दिवसभर तरी ठेवून मगच विकावा लागतो. ही टाकी एकट्या गटाला परवडणारी नाही, ती तीन-चार गावांत मिळून एक बांधावी लागेल. आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल आठवड्याच्या आत गटाच्या हाती पडायला हवा, कारण मे संपला की पाऊस येतो आणि दोरावरचा माल थांबत नाही.