सुट्या अक्षरांचा दोष कुणाचा?

पहिली-दुसरीतले मूल ‘समजला’ हा शब्द ‘स-म-ज-ला’ असा अक्षरे सुटी करून वाचते आणि लगेच ‘अडखळत वाचतो’ असा शेरा पडतो. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाडा परिसरात अनेक घरांत मावची बोलली जाते. तिथल्या मुलांवर हा शेरा अन्याय करतो. मुलाने जे छापले आहे तेच वाचले.

मराठी क्रियापद लिहितात एक आणि उच्चारतात वेगळे. ‘समजला’ आपण स-मज्-ला असे म्हणतो. ‘समजून’ मात्र सम्-जून. ‘विसरला’ म्हणजे वि-सर्-ला, ‘विसरून’ म्हणजे विस्-रून. उतरणे, उघडणे यांचेही तसेच. यामागे साधा नियम आहे. अशा तीन अक्षरी धातूंना ला, तो, णे असा व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय लागला, की धातूच्या शेवटच्या अक्षरातला ‘अ’ गळतो. ऊन, एल असा स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला, की मधल्या अक्षरातला ‘अ’ जातो. घरी मराठी ऐकणाऱ्या मुलाला हे न शिकवता येते. ज्याच्या कानावर मराठी मुख्यतः शाळेतच पडते, त्याला ते शिकवावेच लागते. आणि आपण ते शिकवत नाही.

इटालियन भाषेत हाच पेच आघाताचा आहे. ‘कापितानो’ या शब्दात ‘का’वर जोर दिला तर अर्थ ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’. नेहमीच्या छपाईत दोन्ही रूपे अगदी सारखी दिसतात. म्हणून तिथले शब्दकोश आघाताची खूण छापतात, आणि शब्द तोडून उच्चारण्याचा सराव प्राथमिक शाळेतच होतो.

२०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाल्यापासून मूल मिनिटाला किती शब्द वाचते, हे मोजले जाऊ लागले आहे. वेग मोजण्याआधी वाट दाखवायला हवी. बालभारतीने पहिली-दुसरीच्या पुस्तकांत एकत्र उच्चारायच्या अक्षरांखाली छोटी कमान छापावी. शिक्षकांनी सुरुवात गावाच्या पाटीपासून करावी: चिंच्-पा-डा. लिहिताना अक्षरे चार, बोलताना तुकडे तीन. आणि हे शिकवून होईपर्यंत सुट्या अक्षरांसाठी कुणाही मुलाचे गुण कापू नयेत.