काढलेला मुतखडा तपासायलाच हवा





मुतखड्याचे ऑपरेशन झाले की खडा अनेकदा बाटलीत घालून नातेवाइकांकडे दिला जातो आणि तो कशाचा होता हे न कळताच कचऱ्यात जातो. वास्तविक पुढचा सगळा उपचार त्यावरच ठरायला हवा. युरिक ॲसिडचा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने विरघळू शकतो. स्ट्रुव्हाइटचा खडा जंतुसंसर्गातून होतो. संसर्ग हटला नाही तर तो पुन्हा होतो. सिस्टीनचा खडा आनुवंशिक दोषातून होत असल्याने भावंडांचीही तपासणी करावी लागते. सर्वाधिक आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. ‘कॅल्शियम’ ऐकून रुग्ण दूध सोडतात, पण जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते, त्यामुळे पथ्य उलटेच पडते.

तपासणीची पद्धतही नीट निवडली पाहिजे. जुन्या रासायनिक पद्धतीत खड्याच्या भुकटीवर नायट्रिक ॲसिड व अमोनियाची क्रिया करून जांभळट रंग आला की युरिक ॲसिड ओळखतात. पण तिला नमुना जास्त लागतो आणि मिश्र खड्यात ती चुकते. इन्फ्रारेड पद्धतीत एक-दोन मिलिग्रॅम भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून, दाबून पारदर्शक चकती करतात. तिच्यातून इन्फ्रारेड किरण सोडून मिळणाऱ्या आलेखावरून मिश्रणातले घटकही ओळखता येतात. युरोपीय युरॉलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही इन्फ्रारेड किंवा क्ष-किरण विवर्तन पद्धतीलाच पसंती देतात.

‘बहुतेक खडे ऑक्झलेटचेच, शेवटी सल्ला पाणी पिण्याचाच, मग खर्च कशाला?’ असे कोणी म्हणेल. भरपूर पाणी सगळ्यांनाच हवे, पण तेवढ्याने संसर्ग हटत नाही. सीटी स्कॅनमधली घनता युरिक ॲसिडचा अंदाज देते. पण मिश्र खड्याची नेमकी घडण सांगत नाही. आणि एका तपासणीचा खर्च पुन्हा कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनपेक्षा खूपच कमी असतो. प्रत्येक गावात यंत्र हवे असेही नाही. खडा फॉर्मालिनमध्ये न बुडवता धुऊन, वाळवून कोरड्या बाटलीत ठेवला तर दूरच्या प्रयोगशाळेतही पाठवता येतो. औषध कारखान्यांत कच्चा माल ओळखायला हीच इन्फ्रारेड तपासणी रोज होते. बदलापूर-अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्याला ती नवखी नाही.

म्हणून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासह सर्व सरकारी रुग्णालयांत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या प्रत्येक मुतखडा शस्त्रक्रियेनंतर खड्याच्या तपासणीचा अहवाल केस पेपरला जोडणे आरोग्य विभागाने बंधनकारक करावे.

— एक वाचक, खरवई, बदलापूर (पूर्व)