हरलेल्या मुलींचा हिशेब

मँचेस्टर म्हटले की जुन्या माणसांना कापडाच्या गिरण्या आठवतात. महाराष्ट्रात इचलकरंजीला अजूनही राज्याचे मँचेस्टर म्हणतात ते त्यामुळेच. आपल्या बेटावरच्या पोरांना विचाराल तर ती फुटबॉलशिवाय दुसरे नाव घेणार नाहीत. एकाच घरात लाल जर्सी आणि निळी जर्सी यांचे भांडण ठरलेले. पण त्याच शहरात जुलै २०१२ मध्ये लागोपाठच्या दोन संध्याकाळी जे घडले, त्याकडे आज वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

लंडन ऑलिंपिकला दहा दिवसही उरले नव्हते. १८ जुलैला मँचेस्टरच्या अरीनामध्ये ब्रिटनचा महिला बास्केटबॉल संघ अमेरिकेशी सराव सामना खेळला. ब्रिटनच्या मुलींना ऑलिंपिकचे दार प्रथमच उघडले होते. समोर होती ती १९९६ पासून एकही ऑलिंपिक सुवर्णपदक न सोडलेली अमेरिका. निकाल लागला ८८-६३. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर ब्रिटनचे पुरुष अमेरिकेच्या पुरुषांशी खेळले. त्या अमेरिकी संघात लेब्रॉन जेम्स होता, कोबी ब्रायंट होता. निकाल ११८-७८.

आता वजाबाकी करा. मुली २५ गुणांनी हरल्या, पुरुष ४० गुणांनी. आणि आठवण कोणत्या संध्याकाळची राहिली? जेम्स आणि ब्रायंट यांच्या संध्याकाळची. त्यात त्या दोघांचा दोष नाही. दोष पाहणाऱ्यांचा आहे, आणि त्या पाहणाऱ्यांत तुम्ही-आम्ही सगळे आलो.

पुढे लंडनमध्ये ब्रिटनच्या मुलींनी पाच सामने खेळले आणि पाचही गमावले. तक्त्यात त्यांच्या नावापुढे विजय शून्य. पण तक्ता बाजूला ठेवून एकेका सामन्याचे पान उलटले तर गोष्ट निराळी दिसते. रशियाशी त्या ६१-६७ अशा हरल्या. तो रशिया स्पर्धेत चौथा आला. फ्रान्सशी सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला आणि ७७-८० असा हातचा गेला. त्या फ्रान्सने रौप्यपदक नेले. म्हणजे रौप्यपदक आणि आपल्या या ‘शून्य’वाल्या मुली यांच्यात अंतर होते एका लांबच्या बास्केटचे.

हे सांगण्याचे कारण असे की, शून्य हा आकडा फार महागात पडतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या ‘यूके स्पोर्ट’ या संस्थेने बास्केटबॉलचे अनुदान बंद केले. जवळपास सत्तर लाख पौंडांचा प्रश्न होता. कारण सरळ सांगितले गेले: पुढच्या ऑलिंपिकांत या खेळाला पदक मिळण्याची चिन्हे नाहीत. अपील झाले, तेही फेटाळले गेले. अधिकाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. सरकारी पैसा जनतेचा असतो, तो कुठेही उधळता येत नाही, आणि नौकानयन वा सायकलिंगला पैसे देऊन ब्रिटनला पदके मिळाली हे खरेच आहे. पण बास्केटबॉलला नाव लागत नाही, घोडा लागत नाही. एक चेंडू आणि भिंतीला ठोकलेली कडी पुरते. गरीब वस्तीतली मुले-मुली जो खेळ खेळतात, त्याला पदकाच्याच तराजूत तोलणे मला पटत नाही.

आणि तो तराजूही खोटा निघाला. २०१९ च्या युरोपीय महिला स्पर्धेत हाच संघ उपान्त्य फेरीत पोहोचला आणि चौथा आला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत त्यांची टेमी फॅगबेन्ली निवडली गेली. २०१२ च्या त्या ‘शून्य’ संघात ती होती, वय अवघे १९. तक्त्यातल्या शून्यात ही मुलगी कोणाला दिसली नव्हती.

पदकाच्याच हिशेबाने चालायचे तर आपल्या मॉरिशसने काय करायचे होते? आपण १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरलो. पहिले पदक मिळाले २००८ मध्ये बीजिंगला, ब्रूनो जुलीचे, बॉक्सिंगमध्ये. मधली चोवीस वर्षे शून्य. त्या चोवीस वर्षांत कोणी शहाण्याने सगळे आखाडे बंद केले असते तर ब्रूनो कुठून आला असता?

आता आकड्यांविषयी थोडे. बास्केटबॉलचा एक मोठा गुण आहे, जो फुटबॉलकडे तितका नाही. त्याच्या सामन्याच्या पानावर फक्त गुण मांडत नाहीत. कोणी किती मिनिटे खेळले, कडीवरून परतलेला चेंडू कोणी झेलला, प्रतिस्पर्ध्याच्या हातून कोणी हिसकावला, कोणाच्या चुकीने गेला, आणि कोणाच्या हातून दिलेल्या चेंडूवर दुसरीने बास्केट केला, हे सगळे लिहितात. या शेवटच्याला ‘असिस्ट’ म्हणतात. आपल्या घरांतून आयुष्यभर असिस्ट करत आलेल्या बायांची संख्या मोजायला घेतली तर वह्या पुरणार नाहीत. पण तो विषय वेगळा.

जपानची रुई माचिदा पाहा. उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या बसमध्ये शेजारी बसली तर ही बास्केटबॉल खेळते असे मनातही येणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, फ्रान्सविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात तिने १८ असिस्ट दिले. तो ऑलिंपिकचा विक्रम ठरला आणि जपानने रौप्यपदक मिळवले. नुसते गुण लिहिणाऱ्या वहीत माचिदा कुठेतरी तळाशी राहिली असती.

सात आठवड्यांनी अम्मानमध्ये आशिया चषकात जपानची गाठ भारताशी पडली. भारताची कर्णधार होती पुण्याची शिरीन लिमये. जपानने १३६-४६ असा सामना जिंकला. नव्वद गुणांची हार! मथळे देणाऱ्यांना एवढे पुरे झाले. पण हीच शिरीन २०१७ मध्ये बंगळूरला त्या भारतीय संघात होती, ज्याने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद घेतले आणि वरच्या श्रेणीत जागा मिळवली. वर चढलेल्यालाच वरच्यांकडून मार खावा लागतो. खालीच बसून राहिले असते तर नव्वदने कोणी हरवले नसते.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या शाळांतून, वस्त्यांतल्या क्लबांतून मुली बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉल खेळतात. त्यांचा हिशेब कोणाकडे आहे? गणपतीच्या वर्गणीची यादी आपण पै न् पै लिहून ठेवतो, आजोबांनी किती रुपये दिले होते तेही जुन्या वहीत सापडते. मुलीने गेल्या वर्षी किती सामने खेळले हे मात्र तिच्या बापालाही सांगता येत नाही. मुलगा खेळला तर शेजाऱ्यालाही माहीत असते. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की ‘आता अभ्यास’ म्हणून तिचे बूट कपाटात जातात, आणि ती काय होती याचा एक कागदही मागे राहत नाही. निवड करणाऱ्यांपुढे ठेवायला तिच्याकडे काय असते? काकांची शिफारस, एवढेच.

यासाठी सरकारकडे जाण्याची गरज नाही. एक जाड वही, दोन पेन्सिली आणि मैदानाच्या कडेला बसणारी दोन माणसे पुरतात. एकीने गुण आणि मिनिटे लिहावीत, दुसरीने परतलेले चेंडू आणि असिस्ट. ज्या मुलींना त्या दिवशी संघात जागा मिळाली नाही त्यांनाच हे काम द्यावे. त्या खेळ जास्त बारकाईने पाहतात. हरलेल्या सामन्याचे पान फाडू नये. आणि ज्या मंडळाच्या मुलींचे असे पान तयार होईल, त्यांनी त्याची एक प्रत या पानाच्या संपादकांकडे पाठवावी. लग्नाच्या आणि सत्यनारायणाच्या बातम्यांमधून चार ओळींची जागा काढायला मी त्यांना सांगेन. नावे पूर्ण लिहा, आणि आकडे दोनदा तपासून.